आधी ससे, मग लिंक्स

जानेवारी २०२५ मध्ये स्कॉटलंडच्या केर्नगॉर्म्स डोंगरात, किंगुसी गावाजवळ, चार लिंक्स (मोठी रानमांजरं) फिरताना दिसले. कुणीतरी विनापरवाना, गुपचूप सोडून दिलेले. कडाक्याची थंडी होती. आमिष लावून दोन-चार दिवसांत चारही पकडले आणि त्यातला एक लगेच मेला. त्याआधी सहा महिने, जून २०२४ मध्ये, अगदी वेगळी बातमी आली होती. स्पेन-पोर्तुगालमधला आयबेरियन लिंक्स जगातल्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत ‘धोक्यात’ या पायरीवरून ‘असुरक्षित’ या सौम्य पायरीवर आला. २००२ च्या मोजणीत शंभरही न भरलेलं हे मांजर आता पिल्लं धरून दोन हजारांच्या वर गेलं आहे.

दोन्ही बातम्यांत ‘लिंक्स रानात सोडले’ हेच शब्द होते. एका ठिकाणी त्यातून काहीच निघालं नाही आणि दुसऱ्या ठिकाणी एक जात वाचली, असं का झालं, ते समजून घ्यायचं तर पिंजऱ्याच्या दारापासून बरंच मागे जावं लागतं.

लिंक्स म्हणजे नक्की कोण

आखूड, काळ्या टोकाची शेपूट, कानांच्या टोकाला काळे झुपके, गालांवर दाढीसारखे केस आणि लांब पाय. हे मांजरकुळातले चार भाऊ: युरेशियन, आयबेरियन, कॅनडाचा आणि उत्तर अमेरिकेतला बॉबकॅट. यातला युरेशियन लिंक्स भारतातही आहे, लडाखच्या बाजूला. कच्छ-राजस्थानात जेमतेम उरलेला स्याहगोश, म्हणजे कॅराकल, कानांच्या झुपक्यांमुळे लिंक्ससारखा वाटतो, पण त्याचं घराणं वेगळं.

आयबेरियन लिंक्स युरेशियन भावाच्या साधारण निम्म्या वजनाचा, १० ते १५ किलोचा. युरेशियन लिंक्स छोटी हरणं मारतो. आयबेरियन लिंक्स ससे खातो आणि जवळजवळ ससेच खातो. त्याच्या आहारात ८० ते ९० टक्के वाटा सशांचा असतो.

इथे मराठीची एक अडचण आहे. आपण ज्याला ससा म्हणतो, तो माळावरचा, गवतात दबा धरून बसणारा आणि चाहूल लागताच उधळणारा प्राणी बीळ करत नाही. लिंक्स खातो तो ससा जमिनीखाली बिळांचं जाळं करून वसाहतीनं राहतो. दोघांना आपल्याकडे शब्द एकच. पुढे ‘ससा’ म्हटलं की हा बिळातला समजावा, कारण सगळी गोष्ट त्या बिळांवरच उभी आहे.

शंभराच्या आत कसे आले

एकाच गिऱ्हाइकावर चालणारं दुकान जसं त्या गिऱ्हाइकानं गाव सोडलं की बसतं, तसं लिंक्सचं झालं. १९५२ साली फ्रान्समध्ये आर्मां-देलील नावाच्या निवृत्त डॉक्टरांनी आपल्या माय्यब्वा इथल्या वाडीतले ससे कमी करायला दोन सशांना मिक्सोमॅटोसिस या सशांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू टोचला. वाडीला भिंत होती, विषाणूला नव्हती. डास आणि पिसवांवरून तो पसरला आणि वर्षभरात स्पेनमध्ये पोचला. ससे थोडे सावरत होते, तोच १९८० च्या दशकाच्या शेवटी दुसरा रोग आला. यात अंतर्गत रक्तस्राव होऊन ससा दोन-तीन दिवसांत मरतो. २०११ च्या सुमारास त्याचाच नवा अवतार आला आणि तो बिळातल्या कोवळ्या पिल्लांनाही सोडेना. २०१९ मध्ये या सशालाच, त्याच्या मूळ प्रदेशात, ‘धोक्यात’ म्हणावं लागलं.

आता हिशेब मांडा. एका प्रौढ लिंक्सला दिवसाला साधारण एक ससा लागतो. मागे पिल्लं असतील तर मादीला तीन. शिकार करून पिल्लांपर्यंत आणायची तर तिला लांब जाता येत नाही, म्हणून ससे जवळपास दाट असावे लागतात: वसंतात, म्हणजे पिल्लांच्या दिवसांत, हेक्टरी चारेक आणि वर्षातल्या सगळ्यात ओढग्रस्तीच्या काळातही हेक्टरी एक. त्याखाली गेलं की मादी जगेल, पण वीण होत नाही. हे कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण प्राणी दिसत राहतात. फक्त पिल्लं दिसत नाहीत.

भरीला माणूस होताच. लिंक्सला १९७३ पर्यंत स्पेनमध्ये कायद्याचं संरक्षण नव्हतं. त्याआधी तो ‘उपद्रवी’ म्हणून मारला जायचा. नंतरही कोल्ह्या-सशांसाठी लावलेल्या फाशांत सापडत राहिला. शतकाअखेरीस दक्षिण स्पेनच्या आंदालुसिया प्रांतात दोनच ठिकाणी तो उरला: समुद्राकाठच्या दोन्याना राष्ट्रीय उद्यानात आणि सिएरा मोरेना डोंगरातल्या आंदुहारजवळ. मधल्या अंतरामुळे दोघांची गाठ पडणं शक्य नव्हतं.

पहिलं काम: जमिनीखाली

प्राणी वाचवायचा म्हटलं की लोकांना वाटतं पैदास केंद्र काढावं. केंद्रं निघाली, पण युरोपीय संघाच्या लाइफ निधीतून २००२ पासून जे काम सुरू झालं, त्याचा मोठा भाग सशांसाठी होता.

सुरुवातीला सोपा मार्ग करून पाहिलेला होता: जिथे ससे जास्त तिथून पकडायचे, जिथे नाहीत तिथे शेकड्यांनी सोडायचे. बहुतेक पैसा वाया गेला. अनोळखी जागी, बिळाशिवाय, पकडापकडीच्या ताणातला ससा पहिल्या आठवड्यातच कोल्ह्याच्या पोटात जातो. शिवाय आयबेरियन द्वीपकल्पात सशाच्या दोन उपजाती आहेत, नैर्ऋत्येची वेगळी आणि ईशान्येची वेगळी. ट्रकमध्ये भरताना हे पाहिलं नाही तर चुकीचे ससे चुकीच्या रानात जातात.

आता आधी घर बांधतात. स्पॅनिशमध्ये त्याला ‘माहानो’ म्हणतात. जागा थोडी उताराची घेतात, म्हणजे पावसाचं पाणी बिळात साचत नाही. खाली लाकडी पॅलेट किंवा पाइप टाकून खोल्या-बोगद्यांचा सांगाडा करतात, त्यावर दगड आणि ओंडके, त्यावर माती, वर तोडलेल्या झुडपांच्या फांद्या. दारं अनेक ठेवतात, कारण एकच दार असलेलं बीळ म्हणजे सापळाच. भोवती जाळीचं कुंपण, तेही जमिनीत गाडून, नाहीतर कोल्हा खालून उकरतो. आत दाणापाणी. मग काही डझन ससे, माद्या जास्त, दोन्ही रोगांची लस टोचून सोडायचे. वीण सुरू होऊन बिळं भरली की कुंपणात सशापुरती भोकं उघडायची. ससे आपणहून बाहेर पसरतात आणि धोका दिसला की माघारी येतात.

लशीचा एक तोटा लक्षात ठेवायला हवा. ती टोचलेल्या सशापुरतीच असते. त्याच्या पिल्लांना आईकडून थोडे दिवस मिळतं तेवढंच संरक्षण, पुढच्या पिढीला काही नाही. त्यामुळे सगळ्या रानातले ससे धरून टोचत बसणं परवडत नाही. उलट धरपकडीतच काही दगावतात.

घराइतकंच महत्त्वाचं अंगण. दाट झुडूप सलग असेल तर सशाला चारा नाही, नुसतंच गवताळ असेल तर लपायला जागा नाही. म्हणून झुडपात पट्टे मोकळे करून तिथे बार्ली-ओट पेरतात. खाऊन चार उड्यांत झुडपात शिरता आलं पाहिजे, हे माप.

दुसरं काम: पाळणाघर

२८ मार्च २००५ ला दोन्यानातल्या एल आसेबुचे केंद्रात सालिएगा नावाच्या मादीला तीन पिल्लं झाली. कैदेत जन्मलेली ही पहिली. दीड महिन्यानं त्यातली दोन पिल्लं एकमेकांवर तुटून पडली आणि एक मेलं. केंद्रातल्यांना हे अनपेक्षित होतं. पुढे पुन्हा पुन्हा दिसलं तेव्हा कळलं की ही या जातीची रीतच आहे: साधारण सहाव्या-सातव्या आठवड्यात भावंडांत अचानक जीवघेणी भांडणं होतात. आता त्या काळात कॅमेऱ्यांवर चोवीस तास पाळी लावतात आणि भांडण जुंपलं की मध्ये पडतात.

मादी गाभण आहे की नाही हे ओळखणंही साधं नाही. इतर मांजरांत प्रोजेस्टेरॉन तपासून अंदाज येतो. लिंक्समध्ये हे संप्रेरक बनवणारी ग्रंथी वर्षभर टिकून राहते, त्यामुळे गाभण नसलेल्या मादीचाही आकडा चढा येतो. दुसरं संप्रेरक, रिलॅक्सिन, तपासता येतं, पण त्याला रक्त हवं, आणि रक्तासाठी गाभण मादीला भूल देणं धोक्याचं. यावर निघालेला उपाय ऐकला की आधी अंगावर काटा येतो. रक्त पिणारे मोठे किडे, आपल्या ढेकणाचे दूरचे नातेवाईक, प्रयोगशाळेत वाढवायचे. मादीच्या झोपायच्या खोक्यात कॉर्कची फळी ठेवायची आणि तिच्या खाचेत भुकेला किडा. मादी टेकली की तो तिचं रक्त पितो. नंतर किडा काढायचा आणि त्याच्या पोटातलं रक्त सुईनं ओढून तपासायचं. मादीला पत्ताही नसतो.

चुकाही झाल्या. कैदेतल्या बऱ्याच लिंक्सना मूत्रपिंडाचा विकार जडला. शोध घेतल्यावर बोट आहारातल्या पूरक पावडरीकडे गेलं: तिच्यात ड जीवनसत्त्व प्रमाणाबाहेर होतं.

जोड्या जुळवण्याचं काम आपल्याला लगेच समजेल, कारण आपण गोत्र पाहणारे लोक. दोन तुटलेल्या वस्त्यांत पिढ्यान् पिढ्या आपसातच वीण झाल्यानं सगळे एकमेकांचे जवळचे नातेवाईक झाले होते. आनुवंशिक वैविध्य, म्हणजे एकाच जातीतल्या प्राण्यांच्या जनुकांमधला फरक, आटलं की रोगांना तोंड द्यायची आणि सुदृढ पिल्लं होण्याची ताकद घटते. २०१६ मध्ये या लिंक्सचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला, तेव्हा वैविध्य सस्तन प्राण्यांत नोंदलेल्या सगळ्यात कमींपैकी निघालं. म्हणून केंद्रांमध्ये वंशावळीची एकच सामाईक नोंदवही आहे. कोणाचं नातं बाकीच्यांशी सगळ्यात दूरचं, ते पाहून जोडी ठरते, आणि दोन्याना व आंदुहारचं रक्त मुद्दाम एकत्र आणलं जातं. पिल्लांची नावं दर वर्षी एकाच अक्षरावरून ठेवतात, त्यामुळे नाव ऐकलं की वय कळतं.

‘पिंजऱ्यातलं जनावर शिकार कशी करणार?’

रास्त शंका. टोमॅटोची रोपं रोपवाटिकेतून थेट भर उन्हात लावली तर माना टाकतात, म्हणून लावणीआधी त्यांचं पाणी तोडून ती कणखर करतात. इथेही तसंच. सोडायच्या यादीतल्या पिल्लांना माणूस दिसतच नाही. जिवंत ससे आडोशामागून, बोगद्यातून आत सोडले जातात, म्हणजे ‘माणूस आला की जेवण’ अशी गाठ मनात बसत नाही. वर कॅमेरे असतात. कुठलं पिल्लू किती वेळा झडप घालतं, किती वेळा चुकतं, माणसाची चाहूल लागली की पळतं की पाहत बसतं, हे सगळं नोंदवलं जातं. जे पिल्लू माणसाला बुजत नाही ते सोडत नाहीत, मग ते कितीही धडधाकट असो.

वर्षभराची होता होता, हिवाळ्यात, त्यांची रवानगी होते. आधी रक्ततपासणी, लसी (२००७ मध्ये दोन्यानात पाळीव मांजरांचा ल्युकेमिया विषाणू शिरून काही लिंक्स मेले होते, त्याचा धडा), मग मानेला जीपीएस कॉलर. कॉलरचं वजन अंगाच्या तीन टक्क्यांच्या आत, म्हणजे दहा किलोच्या लिंक्सला तीनशे ग्रॅमच्या आत ठेवतात.

नव्या प्रदेशात अगोदर कुणीच लिंक्स नसेल तर पहिल्या काहींना काही हेक्टरांच्या कुंपणात काही आठवडे ठेवतात. त्यानं दोन गोष्टी साधतात: जागेची ओळख होते आणि सोडल्याबरोबर शंभर किलोमीटर पळून जायची ऊर्मी कमी होते. एकदा तिथे लिंक्सची वस्ती बसली, की पुढच्यांना खोक्यातून थेट सोडलं तरी चालतं, कारण शेजाऱ्यांचा वासच ‘इथं राहता येतं’ हे सांगतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्यातली वाघीण सह्याद्रीत आणली, तेव्हा तिलाही आधी चांदोलीत कुंपणात ठेवलं, ते याच विचारानं.

‘आमचे ससे खाऊन टाकेल त्याचं काय?’

हा प्रश्न स्पेनमधल्या शिकाऱ्यांचा, आणि तोच सगळ्यात कळीचा. कारण लिंक्सजोगी बरीचशी जमीन सरकारी नाही, खासगी मालकीची आहे. शिकारीसाठी राखलेल्या अशा रानांना तिथे ‘कोतो’ म्हणतात. ससा हे तिथलं उत्पन्न. मालकाची सही नसेल तर तिथे लिंक्स सोडता येत नाही, आणि सोडला तरी एक फास लावायला कितीसा वेळ लागतो?

उत्तर एस्त्रेमादुरातल्या माताचेल खोऱ्यातून आलं. २०१४ पासून तिथे लिंक्स सोडले आणि सोडण्याआधी व नंतरही बाकीचे प्राणी मोजले. लिंक्स आपल्या हद्दीत कोल्हे आणि मुंगूस खपवून घेत नाही. तो त्यांना मारतो किंवा हाकलतो. त्यांची संख्या सुमारे ८० टक्क्यांनी घटली. आता एक लिंक्स रोज एक ससा खातो हे खरं, पण त्याच्या हद्दीतले अनेक कोल्हे-मुंगूस मिळून त्याहून जास्त ससे खात होते. सगळ्यांचा एकत्र हिशेब केला, तर सशांवरचा एकूण ताण निम्म्याहून कमी झाला होता. कुठलाही भाषणबाज पर्यावरणवादी जे करू शकला नसता ते या आकड्यानं केलं, असं मला वाटतं.

कोंबड्यांचं मात्र खरं आहे. खुराडं उघडं असेल तर लिंक्स कोंबडी उचलतो, क्वचित कोकरूही. तिथे भरपाई आणि पक्कं खुराडं, दोन्ही देतात. माणसाच्या वाटेला तो जात नाही.

आणि एक विचित्र पेच. ला मांचाच्या सपाट शेतांत ससे उलट इतके झालेत की द्राक्षवेली आणि पिकं कुरतडतात. तिथला शेतकरी लिंक्सला विरोध करत नाही, पण ससे मारायची परवानगी मागतो.

सगळ्यात मोठा मारेकरी: मोटार

आज मेलेले लिंक्स सापडतात, त्यातले साधारण तीन-चतुर्थांश गाडीखाली आलेले असतात. ‘रस्ते वाढले’ हे एक कारण आहेच. दुसरं कारण कमी लोकांना माहीत आहे. महामार्गाच्या भरावाची माती भुसभुशीत, बीळ खणायला उत्तम. वर कुंपणामुळे कुत्री आणि शिकारी येत नाहीत. त्यामुळे भरावात सशांच्या वसाहती होतात. जिथे ससे तिथे लिंक्स. म्हणजे आपणच रस्त्याकडेला त्याचं ताट वाढून ठेवतो.

उपाय ठरलेले आहेत: जाळी खालून गाडायची, वरच्या टोकाला वाकवायची, म्हणजे चढता येत नाही. अंडरपास काढायचे, आणि जाळी अशी न्यायची की चालत आलेला प्राणी आपोआप अंडरपासच्या तोंडाशी पोचेल. चूक होते ती इथेच. जाळी मध्येच संपली किंवा फाटली तर लिंक्स आत शिरतो आणि बाहेर पडायची वाट न सापडून दोन जाळ्यांच्या मध्ये, डांबरावर अडकतो. अर्धवट जाळी ही जाळी नसण्यापेक्षा वाईट. नागपूर-सिवनी महामार्गावर पेंचजवळ प्राण्यांसाठी काढलेले मार्ग वाघ-बिबटेसुद्धा वापरतात.

दोन हजार झाले, म्हणजे सुटला का?

आकडा वाचताना एक काळजी घ्या. दोन हजारांत त्या वर्षीची पिल्लंही धरलेली असतात आणि त्यातली बरीच वर्षही काढत नाहीत. ‘असुरक्षित’ हा दर्जा ठरवताना फक्त वीणक्षम प्रौढ मोजले: २००१ मध्ये ६२, २०२२ मध्ये ६४८. मोजणीही डोळ्यांनी होत नाही. लिंक्स ठरावीक जागी विष्ठा टाकून हद्द राखतो. त्या वाटांवर कॅमेरा ट्रॅप लावतात आणि अंगावरच्या ठिपक्यांवरून प्रत्येकाची ओळख पटवतात. ठिपके दोन्ही कुशींवर वेगवेगळे असतात, म्हणून समोरासमोर दोन कॅमेरे. एकाच बाजूचा फोटो मिळाला तर एक लिंक्स दोनदा मोजला जाऊ शकतो.

संशोधकांचं लक्ष्य आहे ७५० वीणक्षम माद्या आणि एकूण ३,००० ते ३,५००. २०२४ च्या मोजणीत अशा माद्या ४७० होत्या. पण नुसती बेरीज पुरत नाही. वस्त्या एकमेकींना जोडल्या गेल्या पाहिजेत, म्हणजे एका वस्तीतला तरुण नर चालत दुसरीत पोचला पाहिजे. तसं झालं नाही तर माणसालाच खोक्यातून नर इकडून तिकडे नेत राहावं लागेल. सध्या थोडंफार तेच चालू आहे. म्हणून नव्या जागा निवडताना रिकामं, सशांनी भरलेलं रान एवढंच पाहत नाहीत. दोन वस्त्यांच्या मध्ये पाऊल टेकवायला जागा होईल का, तेही बघतात. ग्रानादातलं सिएरा आराना आणि मुर्सियातलं लोर्का या जागा अशाच हिशेबानं घेतल्या.

मग स्कॉटलंडमध्ये सोडायला हरकत काय होती?

त्या डोंगरात हरणं भरपूर आहेत, म्हणजे युरेशियन लिंक्सच्या पोटाचा प्रश्न नव्हता. बाकीचं काहीच नव्हतं. मेंढपाळांशी बोलणं झालेलं नव्हतं, भरपाईचा नियम नव्हता, जनावरं कुठून आली, कुठले रोग घेऊन आली, याची नोंद नव्हती. स्पेनमध्ये २००२ साली काम सुरू झालं आणि दोन्याना-आंदुहारबाहेर पहिले लिंक्स कोर्दोबाजवळच्या ग्वादालमेयातो खोऱ्यात सोडले ते २००९ च्या डिसेंबरात. मधली सात वर्षं बिळं बांधण्यात, सह्या गोळा करण्यात आणि पिल्लांची भांडणं सोडवण्यात गेली.